पूर्वेला सतरा अंश

जहाजाचा चुंबकीय कंपास अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळा माणूस बोलवावा लागतो, हे वास्कोत जन्म काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. मी ते काम करतो. आधी बरीच वर्षं जहाजांवर अधिकारी होतो. आता मुरगावच्या धक्क्यावर किंवा बाहेर नांगरावर उभ्या असलेल्या जहाजावर लाँचने जायचं, कंपासची चूक मोजायची, निघेल तेवढी काढायची आणि उरलेली एका कार्डावर लिहून सही करायची. त्याला डेव्हिएशन कार्ड म्हणतात. ते ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, काचेमागे लागतं आणि पुढच्या सर्व्हेपर्यंत बहुतेक कॅप्टन त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. जीपीएस आहे, विजेवर चालणारा जायरो-कंपास आहे, मग हे कशाला, असा सगळ्यांचा सूर. पण वीज गेली की जायरो गेला; वीज नसतानाही दिशा दाखवणारं जहाजावर हे एकच यंत्र आहे. ते शोभेचं समजणाऱ्या माणसाच्या हाती जहाज देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यानंतरची ही केस. किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारं एक मध्यम आकाराचं जहाज. गोव्यातल्या खाणी आधी 2012 मध्ये आणि मग 2018 मध्ये बंद झाल्या, तेव्हा नदीतल्या बार्जेसबरोबर अशीही बरीच जहाजं बेकार झाली. हे झुआरीच्या आतल्या अंगाला एका यार्डात पडून होतं. आता नव्या मालकाने घेतलं, तळाचे आणि बाजूचे पत्रे बदलले, रंग काढला, आणि पाण्यात उतरवल्यावर लक्षात आलं की जायरो पूर्व दाखवत असताना कंपास सतरा अंश भलतीकडे बघतोय. पश्चिमेला तोंड केलं तर चूक जवळजवळ तेवढीच, पण उलट बाजूला. उत्तर-दक्षिणेला मात्र जेमतेम दीड-दोन अंश.

यार्डच्या मॅनेजरचा फोन आला तो असा: "कंपास खराब झालाय. नवा मागवलाय. तुम्ही फक्त या आणि सर्टिफिकेट द्या."

कंपास खराब झाला तर तो अडकतो, सुस्त होतो, द्रवात बुडबुडा येतो. पूर्वेला एका बाजूला, पश्चिमेला बरोबर उलट आणि उत्तरेला शून्य, इतकी शिस्तबद्ध चूक खराब कंपास करत नाही. ती जहाज करतं. नवा कंपास बसवला असता तर त्यानेही सतराच दाखवले असते. हे मी त्यांना फोनवर सांगितलं, ते "बघू" म्हणाले. यार्डातल्या लोकांचा पोलादाशी रोजचा संबंध, पण पोलाद चुंबक होतं हे त्यांच्या हिशेबातच नसतं.

मी पहिला प्रश्न विचारला तो जहाज यार्डात कुठल्या दिशेला तोंड करून होतं याचा. मॅनेजरला सांगता येईना. यार्डच्या रखवालदाराने हात करून दाखवलं. नाक उत्तरेला, शेपूट दक्षिणेला, आणि सगळा ठोकाठोकीचा काळ तसंच.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पोलाद पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडून असेल आणि त्यावर हातोडे, वेल्डिंग, ग्राइंडर चालत असतील, तर त्या हादऱ्यांनी आणि उष्णतेने आतले सूक्ष्म चुंबकीय भाग सुटे होतात आणि पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने वळून बसतात. एकोणिसाव्या शतकात लोखंडी जहाजं बांधायला लागले तेव्हाच हे लक्षात आलं होतं; 1838 मध्ये जॉर्ज एअरीने 'रेनबो' या लोखंडी जहाजावर प्रयोग करून ही चूक बाहेरून चुंबक लावून मारता येते हे दाखवलं. आजही आम्ही तेच करतो. गोव्यात आणखी एक गोष्ट असते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र बरंचसं आडवं आहे. उत्तर युरोपातल्या यार्डात जहाज वरून खाली चुंबकतं, आपल्याकडे लांबीत. आमच्या जहाजाच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

सकाळी लवकर निघालो, कारण सूर्य खाली असताना त्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली दिशा, घेणं सोपं जातं. कॅप्टन रत्नागिरीकडचे, घाईत. माल भरायची तारीख डोक्यावर. माझ्या मदतीला एक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, दिली. साखळी गावची मुलगी, पहिल्याच जहाजावर. कंपास असतो ब्रिजच्याही वरच्या उघड्या छतावर. त्याला मंकी आयलंड म्हणतात. खाली सुकाणी पेरिस्कोपमधून तोच कंपास वाचतो. वर जाण्याआधी मी सगळ्यांचे खिसे रिकामे करायला लावतो: मोबाइल, किल्ल्या, चाकू. अलीकडे सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मोबाइलची चुंबक लावलेली पाकिटं. कॅडेटचा वॉकीटॉकीही मी तिला कंपासपासून दूर, रेलिंगपाशी उभं राहूनच वापरायला सांगितला.

कंपास ज्या खांबावर बसवलेला असतो त्या बिनॅकलचं पितळी दार उघडलं. आत आडव्या-उभ्या खोबणींत जुने करेक्टर चुंबक, एक टोक लाल, एक निळं. पूर्वी कधीतरी, या जहाजाच्या आधीच्या आयुष्यात, माझ्यासारख्याच कुणीतरी ते लावले होते आणि नंतर कुणी हात लावला नव्हता. मी ते सगळे बाहेर काढले, लांब ठेवले आणि कॅप्टनना पूर्वेला जहाज स्थिर धरायला सांगितलं. कार्ड हळूहळू फिरलं आणि थांबलं. चूक सतरावरून नऊवर आली.

कॅडेट म्हणाली, "सर, म्हणजे चुंबक काढल्यावर कंपास सुधारला?"

हा क्षण मला फार आवडला. ते चुंबक चूक मारण्यासाठी लावलेले होते, पण जी चूक मारायची ती जहाजात राहिलीच नव्हती. जुन्या पत्र्यांतलं जुनं चुंबकत्व उलट दिशेचं होतं, साधारण आठ अंशांचं. ते ठोकाठोकीत पुसलं गेलं आणि त्या जागी उत्तरेकडे नाक करून पडल्याचं नवं नऊ अंशांचं आलं. जुने करेक्टर मात्र इमानाने जुन्या चुकीशी झगडत राहिले. आठ आणि नऊ, सतरा. पोलादाकडे पाहून त्याचा जुना इतिहास कुणालाही सांगता आला नसता. तो कळला तो या हात न लागलेल्या चुंबकांमुळे.

पुढचं काम ठरलेलं. पूर्वेला चुंबक लावून कार्ड बरोबर पूर्वेवर आणायचं. पश्चिमेला जाऊन जी चूक उरेल ती निम्मी करायची. पूर्ण काढायची नाही, कारण काढली तर पूर्वेला पुन्हा उलटी येते. हे 'निम्मं' समजायला वेळ लागतो. मी शिकत होतो तेव्हा माझ्या गुरूंनी माझा हात धरून थांबवला होता. मग उत्तर, मग दक्षिण, तिथेही निम्मं. मग ईशान्येला कंपासच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी गोळे थोडे आत-बाहेर. प्रत्येक हेडिंगवर, म्हणजे जहाजाचं तोंड ज्या दिशेला त्या दिशेवर, दोन-तीन मिनिटं स्थिर धरायचं, कारण वळल्यावर पोलाद लगेच जागेवर येत नाही, आधीच्या दिशेची ओढ थोडा वेळ राहते. समोर आग्वादचा दीपस्तंभ, त्याच्यावर रोख धरून मी आकडा ओरडायचो, कॅडेट लिहायची.

अशाच एका थांबण्यात तिने विचारलं, "सर, जहाजाला पृथ्वीने चुंबक केलं. पृथ्वीला कुणी केलं?"

बहुतेक जण इथे 'पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे' एवढं सांगून मोकळे होतात. ते उत्तर अपुरं आहे. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर कायमचा चुंबक राहूच शकत नाही, आणि पृथ्वीचा गाभा त्याच्या कित्येक पट तापलेला आहे. 2900 किलोमीटर खोलीखाली वितळलेलं लोखंड घुसळतंय, पृथ्वीच्या फिरण्याने त्या प्रवाहांना पीळ पडतोय, आणि क्षेत्रातून वाहणाऱ्या या धातूत वीज निर्माण होते, त्या विजेने पुन्हा क्षेत्र. हा डायनॅमो. घुसळण थांबली तर पृथ्वीचं क्षेत्र काही हजारो वर्षांत विरून जाईल. ते निदान साडेतीन अब्ज वर्षं तरी टिकून आहे, म्हणजे तिथे सतत नवं तयार होतंय.

सूर्याचंही तसंच. 1908 मध्ये जॉर्ज एलरी हेलने सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचं प्रकाशाच्या वर्णपटावरून दाखवलं, 1919 मध्ये जोसेफ लार्मरने फिरत्या वायूचा डायनॅमो सुचवला, आणि 1933 मध्ये थॉमस काउलिंगने गणिताने खीळ घातली: अक्षाभोवती अगदी सममित असलेलं क्षेत्र स्वतःला टिकवूच शकत नाही. पीळ हवाच.

हे तिला दाखवायला मी रेलिंगला बांधलेली हीव्हिंग लाइन, म्हणजे फेकायची बारीक दोरी, सोडली आणि तिचा वेटोळा केला. वेटोळा दुप्पट ताणायचा, मधे पीळ देऊन आठाचा आकडा करायचा, आणि एक अर्धा दुसऱ्यावर दुमडायचा. पुन्हा तेवढाच वेटोळा, पण आता दोन पदरी. क्षेत्ररेषा तापलेल्या वायूबरोबर अशाच वाहत जातात, हे हानेस अल्फव्हेनने 1942 मध्ये मांडलं. ताण, पीळ, दुमड. दर वेळी दुप्पट. पीळ न देता दुमडलं तर दोन्ही पदर उलट दिशांचे होऊन एकमेकांना मारतात. तिने स्वतः करून पाहिलं आणि मग जे विचारलं त्यात सगळी गोम आहे.

"पण सर, पहिला पदर?"

डायनॅमो वाढवतो, निर्माण करत नाही. शून्याची दुप्पट शून्य. पृथ्वीच्या बाबतीत हा अडसर नाही. गाभा घुसळायला लागला तेव्हा आसपास क्षेत्र होतंच. त्याचा पुरावा भारतात पडलाय. 1940 मध्ये राजस्थानात सेमरकोना इथे एक उल्का पडली. तिच्यातले बारीक गोल कण सूर्यमाला घडत असताना वितळून थंड झालेले आहेत, आणि थंड होताना त्यांनी तेव्हाचं क्षेत्र धरून ठेवलं. 2014 मध्ये ते मोजून प्रसिद्ध झालं: सुमारे अर्धा गॉस, म्हणजे आज पृथ्वीच्या पृष्ठभागावर आहे साधारण तेवढंच. मी हे वाचलं तेव्हा थरारलो होतो. माझ्या जहाजाचे पत्रे जे करतात तेच या कणांनी साडेचार अब्ज वर्षांपूर्वी केलं.

सूर्यमालेला ते मिळालं तिच्या मूळ ढगाकडून, ढगाला आकाशगंगेकडून. आकाशगंगेचं क्षेत्र काही मायक्रोगॉसचं, म्हणजे गॉसच्या काही दशलक्षांशांचं, पृथ्वीच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास, पण हजारो प्रकाशवर्षं पसरलेलं. दुरून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या कंपनाचं प्रतल अशा क्षेत्रातून जाताना वळतं, त्या वळण्यावरून ते मोजतात. नारायणगावजवळ खोडदला ज्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यांवरही ही मोजमापं होतात. आणि आकाशगंगेला कुणी दिलं?

एवढ्यात खालून कॅप्टनचा आवाज आला, "साहेब, किती वेळ अजून?" तेव्हा आम्ही वायव्येला होतो. उत्तर अर्धवट राहिलं आणि ते मी दुपारी, कार्ड भरताना, मेसमध्ये पूर्ण केलं.

1950 मध्ये लुडविग बीरमान या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की आधी कुठलाही चुंबक नसताना क्षेत्र उगवू शकतं. वायू इतका तापला की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते हलके, म्हणून दाबाने पटकन ढकलले जातात. जड प्रोटॉन मागे राहतात. दोघांत विद्युत ओढ तयार होते. वायूचं तापमान आणि घनता एकाच दिशेने वाढत असतील तर ही ओढ दाबाला तोलून धरते आणि सगळं जागच्या जागी राहतं. पण तापमान एका दिशेने वाढतंय आणि घनता तिरकी दुसऱ्याच दिशेने, असं झालं तर तोल साधतच नाही. प्रवाह गोल फिरायला लागतो, आणि फिरता प्रवाह म्हणजे चुंबकीय क्षेत्र. विश्वात पहिले तारे पेटले तेव्हा त्यांच्या प्रकाशाने गोळेगोळे असलेला वायू तापत गेला, आघात-लहरी उठल्या. तिथे ही तिरपागड अगदी सहज जमते. ही केवळ कागदावरची कल्पना नाही. 1971 मध्ये लेझरने तापवलेल्या प्लाझ्मात, म्हणजे अशाच इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूत, असं आपोआप उगवलेलं क्षेत्र प्रयोगशाळेत मोजलं गेलं.

मी हे काम इतकी वर्षं करतोय. माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक चुंबकत्व दुसऱ्या कुठल्यातरी क्षेत्राने दिलेलं होतं. न मागता, न घेता, नुसत्या दोन दिशा न जुळल्यामुळे क्षेत्र उगवतं, हे पचायला मला बराच काळ गेला.

उगवतं ते फार क्षीण. गॉसच्या अब्जांशाचा अब्जांश, त्याहूनही कमी. कॅडेटने मोबाइल काढून गुणाकार केला: तिथून मायक्रोगॉसपर्यंत यायला चाळीस दुपटी. "चाळीसच?" ती म्हणाली. चाळीसच, पण वेळ हवा. सूर्याला आकाशगंगेची एक फेरी मारायला साधारण 23 कोटी वर्षं लागतात, आणि आकाशगंगेभर पसरलेलं सुसूत्र क्षेत्र घडवणारा डायनॅमो या फेऱ्यांच्याच गतीने चालतो. 2023 मध्ये चिलीतल्या अल्मा रेडिओ दुर्बिणीने एका दीर्घिकेत असं सुसूत्र क्षेत्र पाहिलं. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय अवघं अडीच अब्ज वर्षं होतं. इतक्या लवकर? यावर एक म्हणणं असं की बारीक घुसळणीचा डायनॅमो खूप वेगाने वाढतो आणि तो आधी चालला. दुसरं असं की बीजच, म्हणजे सुरुवातीचं क्षेत्रच, थोरलं होतं आणि ते तारे पेटण्याच्या फार आधी, महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांतच तयार झालं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत कंदस्वामी सुब्रमण्यम यांनी आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नाला दिला. अ‍ॅक्सेल ब्रँडेनबर्गबरोबर त्यांनी 2005 मध्ये लिहिलेला मोठा आढावा या विषयात आजही वाचला जातो. हे आपल्या मराठी वर्तमानपत्रांतून कधी वाचायला मिळत नाही. कुंडलीतला सूर्य मात्र रोज छापतात.

कार्ड तयार झालं. कुठल्याही हेडिंगला दोन अंशांपेक्षा जास्त चूक उरली नाही. सही करताना मी कॅप्टनना बजावलं की हे चुंबकत्व नवं आहे, अजून मुरलेलं नाही; समुद्राचे तडाखे बसले की काही उतरेल, म्हणून रोज सूर्यावरून चूक तपासून वहीत लिहा. ते कॅडेटकडे बघून म्हणाले, "हिला सांगा." यार्डचा मॅनेजर धक्क्यावर भेटला. नवा कंपास खोक्यातच होता. त्याने विचारलं, परत पाठवू का? मी म्हटलं, पाठवा, आणि पुढच्या वेळी पत्रे ठोकायच्या आधी जहाजाचं नाक कुठे आहे ते लिहून ठेवा.

काही आठवड्यांनी तिचा मेसेज आला. वहीतले आकडे होते, नीट, तारीखवार. पूर्वेची चूक दीड अंशाने बदलली होती, म्हणजे ठोकून आलेलं थोडं उतरायला लागलं होतं. खाली लिहिलं होतं: "सर, जुने मॅग्नेट होते म्हणून आपल्याला जहाजाचं आधीचं कळलं. आकाशगंगेत डायनॅमोने सगळं घुसळून टाकलं असेल तर बीज कुठून आलं ते तिथे बघून कसं कळणार?"

कळणार नाही. डायनॅमो भरात आला की बीज काय होतं याची खूण उरत नाही. क्षीण असो की थोरलं, शेवटी क्षेत्र तेवढंच येतं. म्हणून आता लोक दीर्घिकांच्या दरम्यानच्या ओसाड पोकळ्यांकडे बघतायत, जिथे तारे नाहीत, घुसळण नाही. दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यातून येणारे अतिशय ऊर्जावान गॅमा किरण वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या करतात आणि त्या जोड्यांनी पुन्हा कमी ऊर्जेचे गॅमा किरण आपल्याकडे धाडायला हवेत. फर्मी उपग्रहाला ते अपेक्षेइतके दिसले नाहीत. 2010 मध्ये आंद्रिय नेरोनोव्ह आणि येव्हगेन व्होव्हक यांनी याचा अर्थ लावला: पोकळीतही अतिक्षीण क्षेत्र आहे आणि ते या जोड्यांना वाट चुकवतं. तसं असेल तर तिथलं क्षेत्र बहुधा ताऱ्यांच्या आधीचं. काहींचा आक्षेप असा की जोड्यांची ऊर्जा प्लाझ्मातल्या अस्थिरतेनेच संपत असेल, क्षेत्राची गरजच नाही. माझा कल पहिल्या बाजूला आहे, आणि तो कशामुळे आहे हेही मला माहीत आहे: हात न लागलेल्या जागेत जुनं सापडतं हे मी त्या बिनॅकलमध्ये डोळ्यांनी पाहिलं. पण पुरावा म्हणून ते चालत नाही. ला पाल्मा बेटावर आणि चिलीत गॅमा किरणांच्या नव्या दुर्बिणींची रांग उभी राहतेय, आणि दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात भारताचाही सहभाग असलेली एसकेए रेडिओ दुर्बीण. त्यांची निरीक्षणं आली की या वादात काहीतरी हलेल.

हे सगळं मी तिला लिहून पाठवलं, आणि पश्चिमेच्या हेडिंगचे आकडे कमी आहेत, ते जास्त घे, असंही.